नारळ कोणाला? फुटबॉलचे प्रशिक्षक आणि घरचे डॉक्टर

रात्री उशिरापर्यंत नातू ज्या खेळासाठी दूरचित्रवाणीसमोर बसून राहतो, त्या फुटबॉलशी घरातील वडीलधाऱ्यांचा संबंध बहुधा आरडाओरड्यामुळे झोपमोड होण्यापुरताच असतो. जळगाव-धुळ्याकडे क्रिकेटच्या गप्पा जितक्या रंगतात, तितक्या फुटबॉलच्या रंगत नाहीत. तरीही वाचकहो, या खेळातील एक रिवाज आपण समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. तो रिवाज म्हणजे प्रशिक्षकाला नारळ देण्याचा.

मैदानात अकरा खेळाडू धावत असतात. रेषेबाहेर उभा राहून हातवारे करणारा जो मध्यमवयीन गृहस्थ दिसतो, तो प्रशिक्षक. इंग्लंडमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, आक्रमण कसे करायचे, बचाव कसा राखायचा, हे सारे तो ठरवतो. संघ ओळीने चार-पाच सामने हरला की प्रेक्षक चिडतात, मालक अस्वस्थ होतात. अकरा खेळाडूंना एकदम काढता येत नाही, म्हणून एकाला काढतात. नवा प्रशिक्षक येतो, पुढचे दोन सामने संघ जिंकतो आणि सारे म्हणतात, ‘बघा, माणूस बदलला आणि गुण आला!’

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आपण ते डॉक्टरांच्या बाबतीत म्हणतो. ‘अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, तमक्यांच्या औषधाने काही फरक पडेना,’ असे म्हणत आपणही घरातील आजारी ज्येष्ठांचे डॉक्टर बदलत असतो. त्या बदलाने खरोखर काय साधते आणि काय बिघडते, हे फुटबॉलच्या उदाहरणातून फार स्वच्छ दिसते. कारण तेथे प्रत्येक सामन्याचा निकाल लिहून ठेवलेला असतो.

मुंबईचा एक धडा

सुरुवात आपल्या राज्यापासून करू. आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबई एफसी नावाचा संघ खेळत असे. खालिद जमील हे त्याचे २००९ ते २०१६ अशी सात वर्षे प्रशिक्षक होते. संघ श्रीमंत नव्हता, विजेतेपदाच्या शर्यतीतही नसे. पण खालच्या श्रेणीत घसरण्यापासून तो स्वतःला दरवर्षी वाचवत असे. २०१६ मध्ये क्लब आणि जमील यांचे मार्ग वेगळे झाले. पुढच्या हंगामात संतोष कश्यप प्रशिक्षक झाले. निकाल बिघडले, तेव्हा हंगाम चालू असतानाच त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. संघ तरीही तळाला गेला, श्रेणीतून घसरला आणि पुढे बंदच पडला.

त्याच २०१६-१७ च्या हंगामात जमील मिझोरममधील ऐझॉल एफसी या लहान संघाकडे गेले. हा संघ आदल्याच वर्षी घसरणीच्या यादीत होता. स्पर्धेत त्याला पुन्हा जागा मिळाली, एवढेच. त्या संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधली आणि देशाचे विजेतेपद पटकावले. मोठमोठ्या क्लबांना जे जमले नव्हते, ते ऐझॉलने करून दाखवले.

एवढे ऐकून आपण म्हणाल, ‘म्हणजे जमील यांच्या हाताला गुण होता.’ थोडे थांबा. विजेतेपदानंतर जमील कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या नामांकित क्लबात गेले आणि एका हंगामातच तेथून बाहेर पडले. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या स्पॅनिश प्रशिक्षकांना काढून जमील यांच्याकडे तात्पुरती सूत्रे दिली. साखळीतील उरलेल्या सामन्यांत संघ हरलाच नाही, थेट उपांत्य फेरीत गेला. क्लबने त्यांना कायम केले. पुढच्या हंगामात तोच प्रशिक्षक, तोच क्लब. आणि अकरा संघांत स्थान दहावे! आज हेच जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची नेमणूक झाली.

मग गुण नेमका कोठे होता? माणसात, संघात, परिस्थितीत की काळात? प्रामाणिक उत्तर असे की, थोडाथोडा सगळीकडे. आणि काळाचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळ मोठा असतो.

काळाचे श्रेय कोणाला?

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ज्या दिवशी उन्हाने कळस गाठला, त्यानंतरचे दिवस बहुधा थोडे सौम्य असतात. त्यासाठी कोणी काही केलेले नसते. कळस हा कळसच असतो, तो रोज येत नाही. पाऊस फार लांबला की गावात धोंडी काढतात. ती काढतात केव्हा? सगळे अगदी टेकीला आल्यावर. त्यानंतर पाऊस आला तर तो धोंडीने आला असे वाटते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला मिळते.

संख्याशास्त्रात या प्रवृत्तीला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करून ती मांडली. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सहसा तितकी नाही. जे एकदा टोकाला गेले, ते पुढच्या खेपेस मध्याकडे सरकण्याची शक्यता अधिक.

आता प्रशिक्षकाकडे पाहा. त्याला काढतात केव्हा? संघ आपल्या कुवतीपेक्षा खाली गेलेला असतो तेव्हा. काही पराभव दुबळेपणाचे, काही दुखापतींचे, काही निव्वळ दुर्दैवाचे असतात. पुढच्या सामन्यांत दुर्दैव तेवढेच टिकत नाही, जखमी खेळाडू परततात आणि संघ आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो. त्या क्षणी रेषेबाहेर जो उभा असतो, त्याच्या गळ्यात हार पडतो.

हा केवळ तर्क नाही. नेदरलँड्सच्या बास तेर वील या अर्थतज्ज्ञांनी तेथील व्यावसायिक फुटबॉलचे १९८६ ते २००४ या काळातील निकाल तपासले. प्रशिक्षक काढल्यावर संघांची कामगिरी सुधारत होती, हे खरेच निघाले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. तेवढीच घसरण झालेली असूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, अशा संघांचे काय झाले? तेही तसेच सुधारले. बदल करणाऱ्यांना वेगळा लाभ झाल्याचे दिसले नाही.

इंग्लंडमधील लेस्टर सिटीचे उदाहरण बोलके आहे. क्लाउदिओ रानिएरी यांनी या साध्या संघाला २०१६ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवून दिले. पुढील हंगामात संघ घसरला आणि विजेतेपदाला वर्षही झाले नसताना, फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना काढले. सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे सूत्रे आली आणि लीगमधील पहिले पाचही सामने संघ जिंकला. जूनमध्ये त्यांना कायम केले; ऑक्टोबरमध्ये त्यांनाही नारळ मिळाला.

आपल्या घरातला संघ

आता मैदानावरून घराच्या ओटीवर येऊ. घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे शरीर हा संघ. त्यात गुडघे, हृदय, मूत्रपिंडे, डोळे असे अनेक खेळाडू, आणि बहुतेक जण कारकिर्दीच्या उत्तरार्धात. डॉक्टर हे प्रशिक्षक. आणि मालक? तो बहुधा पुण्यात, सुरतेत किंवा परदेशात नोकरीला असलेला मुलगा किंवा मुलगी. खर्च तेच करतात, काळजीही मनापासून करतात. पण निकाल त्यांना फोनवरून कळतो. ‘आबांचे गुडघे अजून दुखतातच? मग डॉक्टर बदला,’ हा निर्णय एका वाक्यात होतो.

खानदेशात तर बदलाच्या वाटा चारही दिशांना आहेत. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांवरचे शहर. जळगाव-भुसावळहून मुंबईला आणि सुरतेला थेट रेल्वे. त्यामुळे साक्रीचा रुग्ण आधी धुळे, मग नाशिक, मग सुरत असा प्रवास करतो. चोपडा-यावलचा रुग्ण जळगाव करून मुंबई किंवा इंदूर गाठतो. दवाखान्यात येताना हातात कापडी पिशवी असते. पिशवीत चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सहा महिन्यांत तीनदा काढलेला तोच एक्स-रे आणि अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. विचारावे, ‘यांतील सध्या कोणती घेता?’ तर उत्तर येते, ‘जिच्याने बरे वाटते ती.’

आपण डॉक्टर बदलतो तोही दुखण्याच्या कळसाला. सांधेदुखी, कंबरदुखी, दमा, आम्लपित्त, झोप न लागणे या तक्रारी भरती-ओहोटीसारख्या असतात. पुष्कळदा कंबरेची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. दहाव्या आठवड्यात नवे डॉक्टर भेटले, तर त्यांचे नाव होते. साधा सर्दी-खोकला झाल्यावर कोरडा खोकला तीन आठवडे रेंगाळू शकतो. तिसऱ्या आठवड्यात ज्याचे औषध घेतले, तो धन्वंतरी ठरतो आणि पहिला अडाणी.

एका डॉक्टरने हे सांगावे, म्हणजे प्रशिक्षकानेच ‘प्रशिक्षकांना मुदत द्या’ म्हणण्यासारखे झाले, हे मला कळते. म्हणूनच केव्हा मुदत मुळीच देऊ नये, तेही पुढे स्पष्ट सांगणार आहे.

झटपट विजयाची किंमत

नव्या माणसावर पहिला सामना जिंकून दाखवण्याचे दडपण असते. वैद्यकीतही असे झटपट विजय मिळवता येतात, आणि त्यांचा धोका ज्येष्ठांना सर्वाधिक असतो.

कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या, नाव नसलेल्या गोळ्यांनी एका रात्रीत गुडघे मोकळे झाले, तर आनंदाबरोबर शंकाही यायला हवी. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. स्टेरॉइड हे योग्य आजारात जीवनदायी औषध आहे. पण न सांगता, महिनोन्‌महिने दिले गेले तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. आणि अनेक आठवडे घेतल्यावर ते एकदम थांबवले, तर रक्तदाब घसरून रुग्ण कोसळूही शकतो. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, रक्तदाब वाढवतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास जठरातून रक्तस्राव घडवू शकतात.

दुसरा धोका दुहेरी औषधांचा. औषध एकच, कंपन्यांची नावे दोन. पहिल्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड एका नावाने दिले, दुसऱ्यांनी दुसऱ्या नावाने. रुग्ण दोन्ही घेतो. पहाटे घाम फुटतो, बोलणे बरळल्यासारखे होते, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेली असते. उपवासाच्या दिवशी हा धोका अधिकच वाढतो.

तिसरा धोका साखळीचा. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असते. त्याने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ही गोळी चालू असल्याचे नव्या डॉक्टरांना कोणी सांगत नाही. सूज पाहून ते लघवी वाढवणारे औषध देतात. त्याने रात्री तीनदा उठावे लागते, शरीरातील पोटॅशियम घटते, पायांत गोळे येतात. एका रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. या साखळीत कोणा एकाचा दोष शोधू गेल्यास सापडत नाही. प्रत्येकाला फक्त आपल्यासमोरचा सामना दिसत होता.

चौथा धोका म्हणजे जाणवत नाही म्हणून औषध थांबवणे. उत्तम बचावपटू सामन्यात दिसतच नाही. तो चुकतो तेव्हाच लोकांना आठवतो. रक्तदाबाची गोळी, काचबिंदूचे थेंब, हृदयाची अॅटेनोलॉल-मेटोप्रोलॉलसारखी औषधे अशीच असतात. घेताना काही वाटत नाही. डॉक्टर बदलताना ‘जुन्यांची सगळी औषधे बंद’ असा निर्णय आपणच घेतला, तर छातीत दुखणे, पक्षाघात किंवा दृष्टी जाणे अशी किंमत मोजावी लागू शकते. फेपरे रोखणाऱ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनाही हेच लागू आहे.

किती सामने थांबावे?

प्रत्येक उपचाराचा आपला हंगाम असतो. तो संपण्याआधी निकाल देणे न्याय्य नाही. साधारण मुदती अशा आहेत.

रक्तदाबाची नवी गोळी किंवा वाढवलेली मात्रा: दोन ते चार आठवडे. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून मोजलेल्या नोंदी डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह: एचबीएवनसी ही तपासणी साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. ती दर पंधरा दिवसांनी करून काही कळत नाही. अतिशय जास्त किंवा कमी साखर मात्र त्याच दिवशी कळवावी.

थायरॉइडची गोळी: मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी.

उदासीनतेवरील औषधे: चार ते सहा आठवडे, ज्येष्ठांत कधी त्याहून अधिक. पहिल्या पंधरवड्यात त्रास आधी जाणवतो, फायदा नंतर.

गुडघ्यांचे व्यायाम: नेमाने केल्यास सहा ते बारा आठवडे.

हाडांच्या ठिसूळपणावरील उपचार: एक-दोन वर्षांनी हाडांची घनता तपासून कळते.

मात्र ही मुदत म्हणजे गप्प बसण्याचा काळ नव्हे. औषधाचा त्रास होत असेल तर त्याच डॉक्टरांना लगेच सांगावे. प्रशिक्षक संघात बदल करू शकतो. त्यासाठी प्रशिक्षकच बदलावा लागतो असे नाही.

येथे मुळीच थांबू नये

छातीत दडपण येऊन घाम फुटणे, अचानक धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक भान हरपणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, डांबरासारखी काळी शौच, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागणे: यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा.

तोंडातील जखम तीन आठवड्यांत न भरणे, आवाज तितकेच दिवस घोगरा राहणे, विनाकारण वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, मधुमेह्याच्या पायावरची न भरणारी जखम: येथे ‘आणखी पंधरा दिवस बघू’ असे कोणीही म्हणाले, तरी तपासणीचा आग्रह धरा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

आणि काही डॉक्टर खरोखरच बदलावेत असे असतात. जे औषधांची नावे लिहून देत नाहीत, प्रश्न विचारल्यावर चिडतात, योग्य मुदतीनंतरही निदानाचा फेरविचार करत नाहीत, आधीची औषधे न पाहताच नवी देतात, त्यांच्यावर निष्ठा ठेवण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या निर्णयापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा कोणाचाही अपमान नव्हे. ‘आम्हाला आणखी एक मत घ्यायचे आहे, कागद द्याल का?’ असे उघड विचारावे. चांगले डॉक्टर ते आनंदाने देतात.

बदलायचेच असेल तर सूत्रे नीट द्या

बदल नेहमी फसतो असेही नाही. एफसी गोवाने ३१ जानेवारी २०२० रोजी सर्जिओ लोबेरा यांना काढले. तेही संघ गुणतक्त्याच्या अग्रभागी असताना. साखळीचे तीनच सामने उरले होते. पण सूत्रे कोणा परक्याकडे गेली नाहीत. क्लबमध्येच असलेले क्लिफर्ड मिरांडा आणि डेरिक परेरा यांनी ती सांभाळली. दोघेही गोव्याचे, खेळाडूंना जवळून ओळखणारे. संघ साखळीत पहिला आला. लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि पुढच्याच हंगामात त्यांनी साखळी व करंडक दोन्ही जिंकले. काढलेला माणूस वाईटच असतो, असे नाही हेही यातून दिसते.

मुंबई सिटीत पुढे डेस बकिंगहॅम आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन हंगामात ते इंग्लंडला निघून गेले. त्यांच्या जागी आलेले पेत्र क्रात्की हे त्याच समूहाच्या मेलबर्न सिटी क्लबातून आले होते, जेथे बकिंगहॅम यांनीही काम केले होते. खेळाची पद्धत एक, नोंदी हाताशी. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीने करंडक जिंकला.

याच्या उलट पुण्याचे. एफसी पुणे सिटीने २०१८ मध्ये मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर काढले. त्याच हंगामात आधी प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राऊन आले. पुढच्या वर्षी क्लबच उरला नाही. क्लब बंद पडण्याची कारणे आर्थिकही होती. पण तीन सामन्यांत माणसाची पारख होत नाही, हे खरेच.

आपल्या घरात सूत्रे नीट द्यायची तर एका साध्या वहीचे काम आहे. पहिल्या पानावर रुग्णाचे वय, वजन, जुने आजार, शस्त्रक्रिया आणि न सोसणारी औषधे. दुसऱ्या पानावर चालू औषधे: कंपनीचे नाव, मूळ औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि कोणी, कधी सुरू केले. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषधे आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही त्यात लिहा. तिसऱ्या पानावर बंद केलेली औषधे आणि बंद करण्याचे कारण. हे पान फार कोणी ठेवत नाही आणि नव्या डॉक्टरांना ते सर्वांत उपयोगी पडते. मागे तपासण्या तारखेप्रमाणे लावा. आयुष्मान भारतचा १४ अंकी आभा क्रमांक काढला असेल तर तोही लिहा. वर्षातून दोनदा सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे मांडा आणि विचारा, ‘यांतील कोणती बंद करता येईल?’

हृदयाचे, मूत्रपिंडांचे, सांध्यांचे तज्ज्ञ अवश्य असावेत. पण सर्वांच्या चिठ्ठ्या एकत्र वाचणारे, घराजवळचे एक डॉक्टर हवेतच. मुख्य प्रशिक्षक ते.

टिकण्याचे मोल

गोव्याच्या डेम्पो क्लबात आर्मांदो कोलासो हे एका तपाहून अधिक काळ प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली संघाने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. पहिला करंडक १९९० मध्ये मिळाला. मधल्या काळात त्यांना काढा म्हणणारे थोडे नव्हते. ते २०१३ पर्यंत राहिले आणि ३८ करंडक देऊन गेले.

टिकणाऱ्या नात्याचे मोल वैद्यकीतही मोजले गेले आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी नऊ देशांतील २२ अभ्यास एकत्र तपासले; त्यांपैकी १८ अभ्यासांत त्याच डॉक्टरांकडे सातत्याने जाणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नॉर्वेतील २०२२ च्या मोठ्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंब-डॉक्टरांकडे असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण, नुकतेच डॉक्टर बदललेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. असे अभ्यास केवळ संबंध दाखवतात, कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध करत नाहीत. पण कारण समजणे अवघड नाही. जे डॉक्टर आपल्याला दहा वर्षे पाहत आले आहेत, त्यांना आपल्या चेहऱ्यावरचा आजचा फिकेपणा नवा आहे, हे तपासणीआधीच कळते.

खेळाडूला विचारले का?

शेवटी एक गोष्ट काळजी घेणाऱ्यांसाठी. क्लबचे मालक प्रशिक्षक बदलताना खेळाडूंचे मत क्वचितच घेतात. घरात तसे होऊ देऊ नका. नव्वदीच्या आजीला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेण्यापूर्वी तिच्याजवळ बसून विचारा: तुला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? तुला काय जमायला हवे आहे? पुष्कळदा उत्तर आकड्यांत नसते. ‘देवळापर्यंत चालता यावे,’ ‘रात्री सलग चार तास झोप लागावी,’ ‘पोरांना माझ्यामुळे धावपळ नको,’ अशी ती उत्तरे असतात. ते उद्दिष्ट वहीच्या पहिल्या पानावर, आजारांच्याही वर लिहा. त्यावरूनच ठरेल, डॉक्टरांना आणखी मुदत द्यायची की नारळ.

पुढच्या भेटीला जाताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या उपचाराने काय सुधारायला हवे? ते किती दिवसांत दिसायला हवे? आणि न दिसल्यास पुढे काय करायचे? उत्तरे तारखेसह लिहून घ्या. ती तारीख येईपर्यंत धीर धरा, आणि आली की वही उघडून, रुग्णाला शेजारी बसवून निर्णय घ्या.